कडाक्याची थंडी आणि कोपीतले लेकरू

तिसगावहून एका वाचक भगिनीने विचारले आहे, "टीव्हीवर बर्फाच्या देशातली बाळं दाखवतात. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यात बाबागाडी उभी आणि आत पोर गाढ झोपलेलं. आमच्याकडं बर्फ नाही, काही नाही, तरी डिसेंबर लागला की पोराची छाती भरतेच. आमचीच लेकरं इतकी नाजूक का?"

प्रश्न चांगला आहे आणि टीव्हीवर दाखवतात ते खोटेही नाही. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत पारा शून्याखाली असतानाही बाळांना दुपारी बाबागाडीत घालून घराबाहेर झोपवण्याची जुनी रीत आहे. ती बाळे आपल्या बाळांपेक्षा वेगळ्या मातीची नाहीत. फरक बाळाच्या भोवती काय आहे यात आहे. अंगावर कोरडे लोकरी कपडे, खाली जाड गादी, मागे उबदार आणि बिनधुराचे घर, आणि खिडकीतून लक्ष ठेवणारी आई. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबाप दोघांना मिळून ४८० दिवसांची भत्त्यासह रजा मिळते. आता तिसगाव, पाथर्डी, मिरी, करंजी या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणारी आई डोळ्यांसमोर आणा. ती पहाटे तीनला फडात असते. तिचे बाळ पाचटाच्या कोपीत गोधडीखाली असते, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला आठ-नऊ वर्षांची बहीण. थंडी दोघांनाही आहे, पण एकाच्या आईला रजा आहे आणि दुसऱ्याच्या आईच्या डोक्यावर उचल आहे.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर थंडीतल्या लेकराबद्दल बोलताना मी बंगल्यातले लेकरू धरलेले नाही, कोपीतले धरले आहे. जे कोपीत जमेल ते पक्क्या घरात जमतेच.

थंडी पहाटेच का झोंबते

नगरचा पठारी भाग समुद्रापासून दूर आहे आणि उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडत राहते, आणि ती अडवायला वर ढगांचे पांघरूण नसते. त्यामुळे दुपारी शर्टात फिरता येते आणि पहाटे हुडहुडी भरते. सगळ्यात नीचांकी तापमान सूर्य उगवण्याच्या जरा आधी असते, म्हणजे नेमके कोयता निघालेला असतो तेव्हा. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, कारण बर्फ पडायला थंडीबरोबर ढग आणि ओलही लागते. पण थंडीने बाळ दगावण्यासाठी बर्फाची गरज नसते. नवजात बाळ असलेली खोली २५ ते २८ अंश उबदार हवी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १० अंशांच्या कोपीत ते बाळ किती खाली आहे हे यावरून लक्षात येईल.

तान्ह्या बाळाचे अंग लहान, पण वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ मोठे. त्यातही डोके सगळ्यात मोठे. चहा बशीत ओतला की लवकर निवतो तसेच हे आहे. शिवाय आपण थंडीने कुडकुडतो आणि कुडकुडण्याने अंगात उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. पाठीवर आणि मानेपाशी असलेली खास चरबी जाळून ते ऊब निर्माण करते, आणि ती चरबी कमी वजनाच्या बाळात कमीच असते. चरबी संपत आली की बाळ दूध ओढायचे थांबते, दूध थांबले की ऊब आणखी घटते. हे चक्र एका रात्रीत पुरे होऊ शकते. सकाळी आई बघते तर बाळ शांत पडलेले. "आज रडलं नाही, गुणी झालं," असे घरातले म्हणतात. थंडीत अचानक गुणी झालेल्या बाळाला आधी हात लावून बघा.

हात कुठे लावायचा? कपाळाला नको. हाताची पाठ बाळाच्या पोटाला लावा आणि मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडते आहे, लगेच ऊब द्या. पोटही गार लागले तर ते धोक्यात आहे. ऊब देत देतच दवाखाना गाठायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ३७.५ अंशांच्या वर ताप असणे जितके धोक्याचे, तितकेच अंग गार पडणेही. मोठ्यांना छातीचा आजार झाला की ताप येतो, तान्ह्या बाळाला मात्र पुष्कळदा ताप न येता उलट अंग गार पडते. "ताप नाही, म्हणजे काही नाही," हे वाक्य तान्ह्याच्या बाबतीत कधी बोलू नका.

सगळ्यात स्वस्त ऊब

१९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरेनात. तिथल्या डॉक्टरांनी बाळ उघडेच आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मधे उभे बांधायला सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पोटाशी ठेवते तसे. पुढे जगभर तपासण्या झाल्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ही रीत नावाजली गेली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती शिकवतात. पेटी नाही म्हणून केलेली सोय आहे असे समजून तिला कमी लेखू नका.

करायचे असे. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे. बाळाचे पोट आईच्या छातीला चिकटलेले, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळे. वरून लुगडे किंवा सुती ओढणी घट्ट गुंडाळायची, त्यावर आईचा पोलका किंवा स्वेटर, त्यावर शाल. बाळ सव्वादोन-अडीच किलोचे असेल तर दिवसातले जितके जास्त तास जमतील तितके चांगले. आई फडात असेल तर आजीने करावे, आजोबांनी करावे, बापानेही करावे. बापाने पोर छातीला बांधून बसले तर चार लोक हसतात हे मला माहीत आहे. हसू द्यावे. बाळाला ऊब बाईची की बाप्याची हे कळत नाही, ऊब कळते.

आणखी एक गोष्ट. पहाटेच्या फडात उसाची पाने दवाने न्हालेली असतात. दोन तासांत आईचे कपडे ओले होतात. ती तशीच धावत येते आणि भुकेल्या बाळाला पदराखाली घेते. ओला कपडा कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने अंगाची ऊब ओढून घेतो. म्हणून एक कोरडा पोलका आणि एक कोरडे लुगडे कोपीत टांगलेले असू द्या. आधी ते बदला, हात चुलीपाशी शेकून घ्या आणि मग बाळ घ्या. दोन मिनिटांचेच काम आहे.

अंगाखाली काय आहे

आपण थंडीत वर पांघरूण वाढवत जातो आणि खाली एक फाटकी सतरंजी असते. ऊब मात्र खालूनही जाते, आणि जमीन गार असेल तर पुष्कळच जाते. कोपीत उपाय हाताशी आहे. खाली वीतभर कोरडे पाचट पसरा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद म्हणजे ओल वर येणार नाही, त्यावर गोणपाट, मग वाकळ. शक्य असेल तर बाज. वरून एका जाड रजईपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण थरांच्या मधे अडकलेली हवाच ऊब धरते. अंगातले कपडेही तसेच. आतून सुती, वर लोकरी, डोक्याला कुंची किंवा टोपडे. आपल्या आज्यांची कुंची ही फार शहाणी वस्तू होती. डोके, कान, मान आणि पाठ एकाच कापडात झाकली जातात, आणि बाळाने पाय झाडले तरी ती निसटत नाही. बाजारात शंभर रुपयांची सशाच्या कानांची टोपी मिळते, ती अर्ध्या रात्रीत बाजूला पडलेली असते.

बाळाचे तोंड मात्र झाकू नका. आणि फार गुंडाळूही नका. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर काढा. घामाने भिजलेले बाळ पहाटे आणखी गारठते. लंगोट ओला झाला की लगेच बदला, रात्री दोनदा तरी हात घालून बघा. बाळ आईजवळच झोपवा, पण ज्याने दारू घेतली आहे त्याच्या कुशीत कधीच नको. गुंगीतल्या माणसाला आपल्या अंगाखाली काय आहे ते कळत नाही.

आंघोळीचे म्हणाल तर जन्मल्यापासून निदान २४ तास बाळाला न्हाऊ घालू नका, नुसते पुसून कोरडे करा. बाळ कमी वजनाचे असेल तर वजन अडीच किलो होईपर्यंत पुसण्यावरच भागवा. थंडीत मोठ्या लेकरांनाही रोज आंघोळ हवी असे नाही. दुपारी बारा-एकला उन्हात, आडोसा करून, कोमट पाण्याने पाच मिनिटांत उरका. बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत, हा क्रम पाळा. उलटे केले आणि मधेच कुणी हाक मारली की रांगते पोर कढत पाण्यात हात घालते. थंडीच्या दिवसांत दवाखान्यात भाजलेली पोरे येतात त्यातली पुष्कळ अशीच भाजलेली असतात. बाकीची चुलीत नाहीतर शेकोटीत.

धूर

छाती भरण्याचा दोष आपण थंडीला देतो. खरे तर न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. थंडी वाट करून देते आणि धूर दार उघडतो. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखी लव असते, ती आत आलेली घाण आणि जंतू झाडून बाहेर ढकलते. धुराने ही लव लुळी पडते. घरात लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. बर्फाच्या देशातली बाळे गार हवा घेतात पण धूर घेत नाहीत. आपल्या भगिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

चूल कोपीच्या आत का येते याची कारणे मला ठाऊक आहेत. बाहेर वारा असतो. आणि अलीकडे उसाच्या भागात बिबट्याची भीती इतकी आहे की अंधार पडला की आई दार लावून घेते आणि जाळ आतच ठेवते. भीती खोटी नाही, म्हणून "चूल बाहेर काढा" एवढे सांगून मी मोकळी होणार नाही. चूल दाराजवळ ठेवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला कोपीच्या वरच्या अंगाला हातभर झरोका सोडा म्हणजे धूर वर चढून निघून जाईल, आणि स्वयंपाक चालू असताना तान्हे बाळ दुसऱ्या कोपीत, शेजारणीकडे द्या. ओले पाचट आणि प्लॅस्टिक चुलीत घालू नका.

झोपताना मात्र आत विस्तव नकोच. निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले आत घेऊन दार लावून झोपणे हा जिवाशी खेळ आहे. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच जातो, ठसकासुद्धा लागत नाही. पक्क्या घरातली बंद खोली तर याहून घातक, कारण कोपीला निदान फटी असतात. ऊब हवी तर विटा चुलीजवळ तापवा, जाड कापडात गुंडाळा आणि अंथरुणात पायथ्याशी ठेवून ते गरम करून घ्या. बाळाला झोपवण्याआधी वीट काढून घ्या.

सहा, पाच, चार

आता सगळ्यात महत्त्वाचे. साधी सर्दी कोणती आणि न्यूमोनिया कोणता हे ओळखायला दवाखान्याची नळी लागत नाही, घड्याळ लागते. न्यूमोनियात फुप्फुसे कडक होतात, म्हणून बाळ भराभर श्वास घेऊ लागते. हे मोजता येते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या साध्या बायांना हे मोजायला शिकवले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी मण्यांचे एक साधन केले. शेजारी एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याला पोचलो तर समजायचे की श्वास जास्त आहे. त्यांच्या घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मोठे यंत्र नव्हते, मोठा डॉक्टर गावात नव्हता. मोजणाऱ्या बाया होत्या.

आपल्याला मणी नकोत, हरभरे चालतील. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, पोटावरचा कपडा वर करा. मोबाईलमध्ये एक मिनिट लावा. पोट एकदा वर-खाली झाले की एक श्वास. दहा झाले की एक हरभरा बाजूला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे सहा हरभरे झाले, म्हणजे मिनिटात ६० किंवा जास्त श्वास, तर धोका. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पाच, म्हणजे ५०. एक ते पाच वर्षांच्या पोराला चार, म्हणजे ४०. सहा, पाच, चार. अगदी तान्ह्याचा श्वास मुळातच कमी-जास्त होतो, म्हणून त्याचे सहा आले तर लगेच पुन्हा एकदा मोजा. मिनिट पुरे मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तिथे चूक होते.

श्वास जास्त आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध-पाणी घेत नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, झटका आला असेल किंवा हाक मारून जागे होत नसेल, तर त्याच घटकेला निघायचे. दिवस उजाडायची वाट नको, मुकादमाला विचारत बसणे नको. १०८ ला फोन करा. गाडी फुकट येते, तुम्ही कोणत्या जिल्ह्याचे आहात हे विचारले जात नाही. कारखान्याच्या तळावर उतरल्या दिवशीच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, ते किती लांब, रस्ता कोणता, हे विचारून ठेवा. फोनवर सांगायला गावाचे, गटाचे आणि ज्याच्या रानात तळ आहे त्या शेतकऱ्याचे नाव पाठ असावे. मध्यरात्री "उसाच्या रानात आहोत" एवढ्याने गाडी सापडत नाही.

या पोट उडण्याला जुन्या बाया 'डबा' म्हणतात आणि पोटावर डाग देतात. तापल्या सळईने, बिब्ब्याने. याबद्दल मला सौम्य लिहिता येत नाही. आधीच श्वासाला महाग झालेल्या लेकराला भाजून त्याचे दोन दिवस वाया घालवायचे, आणि तेवढ्यात ते गेले की "डाग उशिरा दिला" म्हणायचे. कोणतीही गोष्ट परंपरेने आली म्हणून मानू नका, तपासून बघा, असे सांगणारा वारसा आपला आहे. डागाने न्यूमोनिया बरा होताना कुणी पाहिलेला नाही. वेळेत मिळालेल्या साध्या अॅमॉक्सिसिलिनने बरा होताना रोज पाहता येतो. केंद्र सरकारची 'सांस' मोहीम २०१९ पासून दर हिवाळ्यात यासाठीच चालते. आशाताईला विचारा, तिला श्वास मोजणे शिकवलेले असते.

ब्रँडीचे बोट चाटवणे, नाकात तेल सोडणे, कापूर हुंगवणे किंवा चोळणे हे सगळे बंद. तेल नाकातून फुप्फुसात उतरते आणि स्वतःच न्यूमोनिया करते. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. वर्षाच्या आत मध नाही. खोकल्याचे औषध दुकानातून मागून आणणेही बंद करा. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले गेली, त्यांतल्या काहींवर शेवटचे उपचार आपल्या नागपुरात चालू होते. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले आहे. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब दवाखान्यात मिळतात, ते दूध पाजण्याआधी घाला. सहा महिन्यांवरच्या मुलाला कोमट पाणी, पातळ वरण, पेज. बाकी सर्दी आठवडाभरात आपली आपण जाते.

कार्ड, दूध आणि मुकादम

निघताना पेटीत काय घ्यायचे याची यादी प्रत्येकीला पाठ असते, कोयत्यापासून तव्यापर्यंत. तिच्यात बाळाचे लसीचे कार्ड पहिल्या क्रमांकावर असावे. न्यूमोनियाच्या दोन मुख्य जंतूंवर लस फुकट मिळते. एक पाचगुणी लसीत असते, ती सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. दुसरी पीसीव्ही, ती सहा आणि चौदा आठवड्यांना व नऊ महिन्यांना. गोवराची लस नऊ महिन्यांना आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमाराला, कारण गोवरानंतरही छाती भरते. हिवाळ्यात जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचे थेंबही सहा, दहा, चौदा आठवड्यांनाच. तारीख कोल्हापुरात पडो की बेळगावात, लस तिथल्या सरकारी केंद्रात मिळते. तिथे "तुमचं गाव इथलं नाही" असे कुणी म्हटले तर कार्ड दाखवून ठामपणे मागा. तो तुमचा हक्क आहे.

सहा महिन्यांच्या आतले बाळ गावात आजीकडे ठेवून जाणाऱ्या आया आहेत. थंडीच्या भीतीनेच ठेवतात. मला विचाराल तर त्या बाळाला कोपीपेक्षा वरच्या दुधाची बाटली जास्त घातक आहे. आईचे दूध पहिली लस आहे. फडात जाताना स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून ठेवले तर चार तास ते नक्की चांगले राहते, मागे राहणाऱ्या बाईने वाटी-चमच्याने पाजावे. टोळीत आठ-दहा कोयते असतील तर आळीपाळीने एक मोठी बाई तळावर लेकरांपाशी ठेवा आणि तिची मजुरी सगळ्यांनी मिळून द्या. उचल ठरवतानाच मुकादमाशी हे बोलून घ्या, नंतर तो ऐकत नाही. आठ वर्षांच्या पोरीवर तान्हे सोपवण्यापेक्षा हे परवडते. त्या पोरीची शाळाही वाचते.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या मदतीचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि जो तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्या मालकानेही खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी आणि रमाईने आपली चार लेकरे बालपणीच गमावली होती. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ऊसतोड बाईच्या बाबतीत कारखाना म्हणतो ती मुकादमाची, मुकादम म्हणतो ती नवऱ्याबरोबर आलेली, अर्धा कोयता. तिचे स्वतंत्र नाव कुठल्या हजेरीवर नसतेच, मग रजा कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. गरोदरपणातच, गावात असतानाच, अंगणवाडीत नोंद करा. कोपीत बसून कागद पुरे होत नाहीत.

शेवटी प्रवासाचे. ६ डिसेंबरला दादरला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपल्या भागातून गाड्या भरून जातात आणि आया कडेवरची लेकरे घेऊन जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या गर्दीत नेऊ नये असे मी स्पष्टच सांगते. अभिवादन पुढच्या वर्षीही करता येईल. मोठ्या बाळाला न्यायचे तर उघड्या टेम्पोत, पिकअपच्या हौद्यात नको. पहाटे नगर ओलांडताना वारा जो लागतो तो घरातल्या थंडीपेक्षा कितीतरी कडक असतो. खोकणाऱ्या माणसाने बाळाचा मुका घेऊ नये, मग तो सख्खा मामा असला तरी. दादरला शिवाजी पार्कवर महापालिकेची वैद्यकीय मदत असते, ती कुठे आहे हे उतरल्यावर आधी बघून घ्या. दिवसभर मुंबईच्या उकाड्यात बाळाचे स्वेटर काढून पिशवीत तळाशी जाते आणि परतीच्या रात्री गाडीत सगळे दमून झोपलेले असतात. कसारा किंवा माळशेज चढून वर आले की हवा बदलते. ती पिशवी डोक्यावरच्या फळीवर न टाकता पायापाशी ठेवा.